लालबाग ते गिरगाव, स्पॅनिशमार्गे

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने आधी अंतर सांगावे, असे मी वर्गात शिकवीत असे. म्हणून सांगतो. लालबागच्या आमच्या चाळीपासून गिरगावातल्या त्या महाविद्यालयापर्यंत बसने पाऊण तास लागतो. माझा प्रवास एवढाच. मी स्पेनला गेलेलो नाही आणि आता जाण्याचे कारणही उरलेले नाही. परंतु जूनपासून नोव्हेंबरपर्यंत, आठवड्यातून दोन दुपारी, मी ज्या प्रदेशात जाऊन येत होतो तो स्पॅनिश भाषेचा होता. जे तेथे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

लालबाग

निघण्याचे कारण स्पष्ट असावे. आमचा मुलगा सुनील मालवाहू जहाजावर खलाशी होता. करोनाच्या पहिल्या वर्षी तो समुद्रात आजारी पडला. जहाजाने त्याला स्पेनच्या एका बंदरातील इस्पितळात उतरवले आणि तेथेच तो गेला. त्या बंदराचे नाव मी लिहीत नाही, कारण तेथील कोणी काही वावगे केलेले नाही. कप्तानाने एकदा फोन करून सांगितले की त्या दिवसांत देह पाठवता येत नाही, तेथील दफनभूमीत भिंतीतल्या कप्प्यात त्याला ठेवले आहे. तिकडचे दाखले भरती करणाऱ्या एजंटाकडे आले होते. एजंटाने कार्यालय बंद केले आणि त्याचा पत्ता पुन्हा लागला नाही.

मी परळच्या एका शाळेत तीस वर्षे भूगोल आणि मराठी शिकवले. चौकशी कशी करावी हे मला ठाऊक होते. भाच्याच्या मदतीने मी त्या शहराच्या दफनभूमीला इंग्रजीत विचारले. उत्तर आले की परब आडनावाची कोणतीही व्यक्ती आमच्याकडे नाही. पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर आले.

माझी पत्नी सुलभा हिने या पाच वर्षांत सुनीलचे काहीही करू दिलेले नाही. ज्याचा देह मिळत नाही त्याची पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देतात, त्याला पालाशविधी म्हणतात. भटजींनी तो सुचवला, तेव्हा ती त्यांच्यासमोरच मला म्हणाली, "माझो झील खंय तरी निजलो आसा. पानांक कित्या आग लावू?" त्याच्या अस्थी आणायच्या आणि गावच्या नदीत सोडायच्या, मगच पुढचे. तोवर पितृपक्षात तिने त्याच्या नावाचे पान वाढले नाही.

मे महिन्यात आमच्या गल्लीत वर्षाचा मसाला कुटून घेणाऱ्यांची रांग लागते आणि सगळा लालबाग शिंकत असतो. त्या दिवसांत मी वर्तमानपत्रात प्राथमिक स्पॅनिश अभ्यासक्रमाची जाहिरात वाचली. इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला माणूस एका ओळीत उत्तर देऊन मोकळा होतो. त्याच्या भाषेत विचारले तर तो उठून शोधील, असे मला वाटले. पहिल्या धड्यापासून क्रमाने गेले की कोणतीही गोष्ट येते, यावर माझा त्या वेळी विश्वास होता.

गिरगाव

महाविद्यालयाची इमारत जुनी, दगडी आणि आत थंड आहे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो. मी पहिल्या बाकावर बसलो. शिक्षक विद्यार्थी झाला की तो पहिलाच बाक धरतो, कारण शेवटच्या बाकावर काय चालते हे त्याला ठाऊक असते.

आमच्या शिक्षिका गौरी मॅडम दादरच्या, तिशीच्या, सहा वर्षे स्पेनमध्ये राहून आलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारले की ही भाषा कशासाठी शिकायची आहे. मुलांची उत्तरे नोकरी, फुटबॉल आणि परदेशी शिक्षण अशी होती. माझ्या शेजारी खोताच्या वाडीतल्या रोझीबाई बसल्या होत्या, कार्यालयातून निवृत्त झालेल्या, फुलाफुलांचा फ्रॉक घातलेल्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर बोलला, काहीतरी नवीन शिक, नाहीतर विसरायला लागशील. म्हणून आले. आता निदान काय विसरते ते तरी कळेल." मी सांगितले की मला एका माणसाची चौकशी करायची आहे. त्या दिवसापासून मुले मला इन्स्पेक्टर काका म्हणू लागली.

या प्रदेशातील पहिली गोष्ट प्रवाशाच्या लक्षात येते ती वेळेची. तेथे दुपारचे जेवण आपल्या चहाच्या सुमारास होते आणि रात्रीचे जेवण आपण अंथरूण घालतो तेव्हा. कचेऱ्या दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, त्यांच्या हिवाळ्यात साडेसहा. हे मी मुद्दाम लक्षात ठेवले. दुसरी गोष्ट अशी की ते लोक भेटल्यावर गालाला गाल लावतात. मॅडमनी ते करून दाखवायला सांगितले, तेव्हा रोझीबाईंनी माझ्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाल्या, "मास्तर, आपण हे ऑप्शनला टाकू."

जुलैत मी मॅडमना सगळे सांगितले. त्यांनी लगेच, वर्गातूनच, त्या दफनभूमीच्या कार्यालयाला फोन लावला. मी समोर उभा होतो. त्या अतिशय सफाईने बोलल्या. 'सुनील परब' एवढे मला कळले. मग त्यांनी वाट पाहिली, पुन्हा एकदा आडनावाची अक्षरे सुटी करून सांगितली, पुन्हा वाट पाहिली. फोन ठेवून त्या म्हणाल्या की त्यांच्याकडे खरोखरच कोणी परब नाही. ज्यांना भाषा येत होती त्यांनाही तेच उत्तर मिळाले होते. मी घरी जाऊन सुलभाला सांगितले की अजून शोधत आहेत.

त्यानंतर मी शिकत राहिलो ते केवळ सुरू केलेला अभ्यासक्रम अर्धा सोडायचा नसतो म्हणून. गणपतीच्या दिवसांत आमच्या भागात रस्ते बंद असतात आणि दर्शनाची रांग जिन्याच्या तोंडाशी येते. तेव्हा काही तास बुडले. खिडकीखाली ढोल वाजत असताना मी आठवड्याच्या वारांची नावे पाठ करीत होतो.

दादर

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मॅडमनी आम्हाला घरी जेवायला बोलावले. संस्कृतीचा धडा पोटातून शिकायचा, असे त्यांचे म्हणणे. बटाट्याचे पातळ काप भरपूर तेलात मऊ करायचे, फेटलेल्या अंड्यांत घालायचे आणि जाड पोळा भाजायचा. ना मोहरी, ना मिरची, ना कोथिंबीर. तो उलटताना कढईवर ताट उपडे घालून सगळे एका झटक्यात फिरवतात. रोझीबाईंनी ते काम हट्टाने घेतले आणि अर्धा पोळा शेगडीवर गेला. उरलेला अर्धा आम्ही खाल्ला. मला तो अळणी लागला, पण बटाट्याची स्वतःची चव अशी असते हे इतक्या वर्षांनी कळले.

जेवण झाल्यावर ते लोक उठत नाहीत. ताटे तशीच ठेवून तास दोन तास बोलत बसतात आणि त्या बसण्याला त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडेही हात वाळेपर्यंत गप्पा चालतात, पण घरातले कोणीतरी मोठे 'उठा आता' म्हणतेच. त्या दिवशी कोणी तसे म्हणाले नाही. मुले निघून गेली. मॅडम, रोझीबाई आणि मी उरलो आणि मी रोझीबाईंना सुनीलबद्दल सांगितले. भिंतीतल्या कप्प्याचे ऐकल्यावर त्यांनी विचारले, "किती वर्षं झाली?"

"पाच."

त्यांनी बोटाने टेबलावर सांडलेले मिठाचे कण गोळा केले. "मास्तर, आमच्यात माती कायमची नसते," त्या म्हणाल्या. "तिथे कसं असतं ते बघा."

मॅडम उठून ताटे गोळा करू लागल्या. त्यांना ते माहीत असावे आणि मला सांगायचे धैर्य होत नसावे, असे मला वाटले.

शिवडी

नोव्हेंबरच्या दोन तारखेला कॅथलिक लोक आपल्या मृतांना भेटायला जातात. रोझीबाईंनी मला बरोबर नेले. शिवडीला पोहोचलो तेव्हा फाटकाशी मेणबत्त्या आणि झेंडूची विक्री चालली होती. आत माणसे कबरींभोवती बसून हळू बोलत होती, मुले पाणी आणून संगमरवर धूत होती. आपण पितरांना जेवू घालतो आणि कावळ्याची वाट पाहतो. हे लोक त्यांचे घर झाडून देतात. मला त्यांची पद्धत अधिक जवळची वाटली, कारण तिला जागा लागते, आणि माझ्याजवळ जागाच नव्हती.

एका लांब भिंतीत ओळीने चौकोनी कप्पे होते आणि प्रत्येकावर नावाची फरशी. रोझीबाईंच्या कप्प्यावर सहा नावे होती, शेवटचे त्यांच्या यजमानांचे. मी विचारले की एवढ्याशा जागेत सहा माणसे कशी. त्यांनी स्वयंपाकाची कृती सांगावी तसे सांगितले. आधी जमिनीत पुरतात. मुंबईत जागा कमी, म्हणून काही वर्षांनी पुन्हा खणतात. घरचे लोक उभे राहतात, हाडे पुसून पेटीत घालतात आणि वर आणून आपल्या माणसांत ठेवतात. "मी स्वतः उभी होते," त्या म्हणाल्या. "घाबरायचं काय त्यात. माझाच नवरा."

"आणि ज्यांचं कोणी येत नाही ते?"

त्यांनी मेणबत्ती पेटवली, वारा लागू नये म्हणून हाताचा आडोसा धरला आणि मगच म्हणाल्या, "ते सगळ्यांबरोबर जातात, मास्तर. एकाच विहिरीत."

 

पुन्हा गिरगाव

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही अभ्यासक्रमातल्या कुटुंबाच्या धड्याला आलो. स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात. पहिले वडिलांकडचे, दुसरे आईकडचे, आणि व्यवहारात आणि नोंदवहीत त्याला पहिल्याने ओळखतात. आपल्याकडे स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव, मग आडनाव असा क्रम असतो. म्हणून तेथील कारकुनासमोर आपले तीन शब्दांचे पूर्ण नाव आले की तो मधल्या शब्दाला मुख्य आडनाव समजतो आणि शेवटच्या शब्दाला आईचे. मॅडमनी उदाहरणासाठी वर्गातली नावे घेतली. माझे नाव दत्ताराम विश्राम परब. त्यांनी फळ्यावर लिहिले, 'सेन्योर विश्राम'. सेन्योर म्हणजे श्रीयुत.

वर्ग हसू लागला. मुले एकमेकांना वडिलांच्या नावाने हाका मारू लागली. रोझीबाई म्हणाल्या, "हे तर चाळीतल्या भांडणासारखं झालं. सारखा एकमेकांचा बाप काढायचा." मीही हसलो. माझे वडील विश्राम गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार होते आणि त्यांना आयुष्यात कोणी श्रीयुत म्हटले नव्हते.

मग मॅडमचा खडू फळ्यावर थांबला. त्या वळल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्याच क्षणी मलाही ते कळले होते. सुनीलला इस्पितळात नाव विचारले असेल तेव्हा तो तापात असेल. आम्ही त्याला लहानपणापासून शिकवले होते तसे त्याने नाव पूर्ण सांगितले असेल, सुनील दत्ताराम परब. आणि आम्ही दोघे, मॅडम आणि मी, मराठी माणसे. आम्हाला कोणी मुलाचे नाव विचारले की आम्ही सुनील परबच सांगणार.

तास तेथेच संपला. मुले गेली, रोझीबाई थांबल्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होते. त्या म्हणाल्या, "सर, मी तिथे सहा वर्षं राहिलेय. मला जुलैतच सुचायला हवं होतं." मी त्यांना बसायला सांगितले. साडेपाच वाजले होते, तेथे दुपारचा एक. कार्यालय उघडे होते. त्या फोन लावू लागल्या तेव्हा मी म्हणालो की लावून द्या, बोलतो मी.

त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे एक बाई होत्या, आवाज मध्यम वयाचा. मी सावकाश सांगितले की मी भारतातून बोलत आहे, माझे स्पॅनिश थोडे आहे, कृपया हळू बोला. त्यांनी खरोखरच हळू, वर्गातल्यासारखे शब्द सुटे करून विचारले, "नाव?"

"सुनील."

"आडनावे?"

"दत्ताराम परब."

कळफलकाचा आवाज आला, मग थांबला. "होय, सेन्योर. येथे आहे."

मी मॅडमकडे पाहिले. त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. रोझीबाई बाकावरून उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. या प्रवासात मी आनंदात होतो तो एवढाच वेळ, बाईंनी पुढचे वाक्य बोलायला घेतलेल्या श्वासाइतका.

त्यांनी विचारले की मी कोण. मी म्हणालो, वडील. त्या आणखी हळू बोलू लागल्या. कप्पा पाच वर्षांसाठी दिला होता. मुदत संपत आली तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे कप्प्यावर कागद चिकटवला. त्यावर लिहिले होते, सेन्योर दत्ताराम यांच्या नातेवाइकांनी कार्यालयात यावे. कागद उन्हाळाभर तेथे होता. कोणी आले नाही. सप्टेंबरात कप्पा रिकामा केला आणि अवशेष सामाईक अस्थिगृहात नेले.

सप्टेंबर हा शब्द मला एकदम कळला, तो इंग्रजीसारखाच आहे. अस्थिगृह हा शब्द मला येत नव्हता. तो मॅडमनी कागदावर मराठीत लिहून दाखवला. मी बाईंना विचारले की त्यातून त्याला वेगळे काढता येईल का. हा प्रश्न मी मनात नीट जुळवून, एकही चूक न करता विचारला.

त्या म्हणाल्या, "नाही, सेन्योर. ते सगळे एकत्र आहेत."

परक्या भाषेतले वाक्य मी नेहमी आधी मराठीत करून घेत असे. हे पहिले वाक्य असे होते की ते मराठीत करावे लागले नाही. मी त्यांचे आभार मानले. त्यांनी काहीतरी म्हटले, त्यात 'दत्ताराम' होते, आणि ते मला उद्देशून होते की त्याला, हे मला कळले नाही.

मॅडम पुन्हा जुलैचे बोलू लागल्या. रोझीबाईंनी त्यांना कुशीत घेतले आणि मला म्हणाल्या, "मास्तर, घरी जा. आधी तिला सांगा. आमचं आम्ही बघतो."

लालबाग

सुलभा ओट्यावर मासे साफ करीत होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला काहीतरी कळले असावे, कारण तिने हात धुतले नाहीत, नुसते थांबवले.

"गावलो?"

"गावलो," मी म्हणालो. घरात मी प्रमाण भाषा बोलतो. त्या दिवशी ती आली नाही.

"मगे तुमी तेका कधी आणतलात?"

मी खाली पाटावर बसलो आणि क्रमाने सांगितले. पाच वर्षांची मुदत, चिकटवलेला कागद, त्यावरचे नाव, सप्टेंबर. कोणाला दोष दिला नाही. शेवटी सांगितले की त्याला आता वेगळे काढता येत नाही, तो तेथील इतर माणसांबरोबर आहे. तेथील ज्यांना कोणी न्यायला आले नाही अशा माणसांबरोबर.

ती रडेल असे मला वाटले होते. तिने सुरमईचा तुकडा उचलला, पुन्हा ठेवला. शेजारच्या खोलीत कोणाचा तरी कुकर झाला.

"तेच्या बाजूक कोण आसा?" तिने विचारले.

मला माहीत नव्हते. मी ते विचारलेच नव्हते. तेवढे विचारण्यापुरते स्पॅनिश मला येत होते.